बाबांची सुटलेली चप्पल

माझे वडील माळकरी आहेत. आमच्या घरी अंडेसुद्धा येत नाही, आणि गायीचे दूध डेअरीला जात असल्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी घरात कोरा चहाच होत असे. मधुमेहासाठी ते आठ वर्षांपासून मेटफॉर्मिनची गोळी घेत होते. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले.

बाबांच्या आजाराची सुरुवात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून झाली. चुलतभाऊ रोज रात्री धुरा कोरतो, असे म्हणून बाबा बॅटरी घेऊन वावरात जाऊ लागले. धुऱ्याचा वाद आमच्याकडे कोणत्या घरात नाही? त्यामुळे हा आजार असेल, अशी शंका आम्हाला तीन महिने आलीच नाही. पुढे “विहिरीत कोनं तरी काही टाकलं” म्हणून त्यांनी पाणी सोडले, तेव्हा आम्ही घाबरलो. लिंबू उतरवण्याचा प्रकारही झाला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

यवतमाळच्या मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांनी झोप आली, परंतु संशय पूर्ण गेला नाही. दुसऱ्या भेटीत बाबा एकाच पायात चप्पल घालून आत आले. दुसरी बाहेर सुटली होती आणि त्यांना ते कळलेही नव्हते. डॉक्टरांनी लगेच कंप पावणारा नादकाटा (चिमट्यासारखे धातूचे उपकरण) त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. बाबांना काहीच जाणवले नाही. मग त्यांनी जेवणाची आणि चालू गोळ्यांची सविस्तर चौकशी केली.

रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण दर मिलिलिटरला ९६ पिकोग्रॅम निघाले. प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० च्या आसपास होती. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतूनच मिळते, शाकाहारी माणसाला मुख्यतः दुधातून, आणि मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण कमी होते. त्याच्या कमतरतेने रक्त कमी होऊ शकते आणि मज्जातंतू व मन या दोन्हींवर परिणाम होऊ शकतो, पण बाबांचे हिमोग्लोबिन चांगले असल्याने आधी कोणालाच शंका आली नव्हती. मेडिकलमधून आणलेल्या ‘रक्तवाढीच्या’ गोळीत फॉलिक ॲसिड होते. त्याने रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

१००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने आधी दिवसाआड, मग आठवड्याला आणि नंतर महिन्याला, अशी गावच्या सिस्टरने दिली. सुमारे सहा आठवड्यांत संशय ओसरला. तळपायांचा बधिरपणा मात्र अजून थोडा आहे. मानसिक आजाराच्या गोळ्या लगेच बंद करा, असे नातेवाइकांनी सुचवले. आम्ही ऐकले नाही, आणि डॉक्टरांनीच त्या काही महिन्यांत हळूहळू कमी केल्या. गावातील एक गृहस्थ आपल्या मुलासाठी तेच इंजेक्शन मागायला आले होते. तपासणीत त्याचे बी-१२ व्यवस्थित निघाले आणि त्याचे उपचार वेगळ्या दिशेने सुरू आहेत.

आता डेअरीला जाण्याआधी दोन पेले दूध घरात राहते. धुऱ्याचा विषय बाबांनी सोडलेला नाही, पण रात्री बॅटरी घेऊन जाण्याऐवजी सरकारी मोजणी आणू म्हणतात.