तुम्ही विचारलंत म्हणून: हा ‘आपण’ कोण?

मला थोडंफार हिब्रू येतं हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. यहुदी एकच देव मानतात, मग तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, पहिल्याच अध्यायात देव ‘आपण आपल्या प्रतिरूपाचा माणूस घडवू’ असं अनेकवचनात कसं बोलतो? विचारणारा बहुतेकदा उत्तरही घेऊनच आलेला असतो: आदरार्थी असेल, राजेही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतातच की!

मराठी कानाला हे पटतं, हिब्रूत अडतं. ‘एलोहीम’ हे नाम रूपाने अनेकवचनी खरं, पण त्याचं क्रियापद बहुतेक ठिकाणी एकवचनीच असतं. या ओळीत (‘उत्पत्ती’ या तोराच्या पहिल्या पुस्तकात, १:२६) मात्र क्रियापदही अनेकवचनी, ‘नआसे’, म्हणजे ‘घडवू’. त्यात हिब्रूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदच नाही. मराठीत आणताना ‘आम्ही’ म्हटलं तर देव राजा होतो, ‘आपण’ म्हटलं तर समोर ऐकणारा कोणीतरी लागतो.

भांडण झालं ते या ऐकणाऱ्यावरून. येशूचा समकालीन, अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो म्हणतो, माणसात वाईटाकडे झुकणारा अंशही आहे. त्याचा दोष देवावर येऊ नये म्हणून घडवताना मदतनीस घेतले. (मला हे जरा वकिली वाटतं.) दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुद्याशी संवाद लिहिला. त्यात तो ठासून सांगतो की ऐकणारा बोलणाऱ्याहून संख्येनेच वेगळा होता. तो त्याच्या मते ख्रिस्त. आणि देव एकच, हे फिलो आणि जस्टिन दोघंही छातीवर हात ठेवून सांगणारे.

रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मपंडितांना, या ओळीतली जोखीम ठाऊक होती. ‘बरेशीत रब्बा’ या त्यांच्या उत्पत्तीवरच्या भाष्यात मोशे तोरा लिहिता लिहिता इथेच थबकतो: पाखंड्यांच्या हाती हे कोलीत कशाला? देव म्हणतो, लिही तू. ज्याला चुकायचंय तो चुको.

माझे लाडके मात्र तिसऱ्या शतकातले रब्बी सिमलाई. पाखंडी हाच प्रश्न घेऊन आले, तेव्हा त्यांनी पुढचं वचन दाखवलं: ‘निर्माण केलं’ एकवचनात आहे. ते गेल्यावर शिष्य म्हणाले, “त्यांना तुम्ही काडीने हाकललंत. आम्हाला काय सांगता?”

तेव्हा सिमलाई म्हणाले: आदम मातीतून झाला, हव्वा आदमातून. यापुढे ‘आपल्या प्रतिरूपाचा’ म्हणजे पुरुष बाईवाचून नाही, बाई पुरुषावाचून नाही, आणि दोघंही शखीनावाचून, देवाच्या सान्निध्यावाचून, नाहीत.

म्हणजे त्या ‘आपल्या’त त्यांनी देवाशेजारी आई-बापांना बसवलं.