पद्मिनीचे आयडलिंग : हवा दोन ठिकाणांहून शिरत होती

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीत पेट्रोल पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, लावलेल्या पारदर्शक नळीत या आठवड्यात अखेर बुडबुडे दिसले, आणि मागच्या काही नोंदींपासून चालू असलेला शोध पुष्कळ पुढे सरकला. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडून धुतला, नवे किट बसवले, पॉइंट आणि प्लग बदलले, टायमिंग जुळवले, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आले, इथपर्यंतचा भाग मागच्या नोंदींत आलेला आहे. तरीही दोन तक्रारी उरल्या होत्या. इंजिन गरम झाले की आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचे इंजिनाचे मंद चालणे, डळमळायचे आणि बडोद्यातल्या काळा घोड्याच्या सिग्नलला गाडी बंद पडायची. शिवाय हालोलच्या रस्त्यावर बराच वेळ दाबून चालवल्यावर ओढ नाहीशी व्हायची आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा यायची.

ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी दोन्ही तक्रारींचे मूळ एकच सांगितले. माझे मत हळूहळू वेगळे होत गेले, आणि त्याचे कारण फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, हे आहे. आयडलिंगला इंजिन इतके थोडे पेट्रोल मागते की पंप अर्धवट काम करत असला तरी चेंबर भरलेले राहते, आणि चेंबर भरलेले असेल तोवर त्याच्या मागे पाइपमध्ये काय चालले आहे हे स्लो जेटला (आयडलिंगचे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला) कळतच नाही. उलट भरधाव चालताना चेंबर रिकामे होण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा वाढला की ओढ जाते, आणि गाडी उभी केली की ते पुन्हा भरते. म्हणून चेंबरच्या पुढचा दोष वेगळा आणि मागचा वेगळा असे धरून दोन स्वतंत्र तपासण्या केल्या.

पुढच्या दोषाला फार वेळ लागला नाही. व्हॅक्यूम गेज (हवेची ओढ मोजणारे साधन) मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याला, जोडल्यावर काटा पाऱ्याच्या 14 इंचांच्या आसपास रेंगाळत होता. सुस्थितीतल्या इंजिनात तो 17 ते 21 इंचांच्या दरम्यान स्थिर उभा राहायला हवा. कार्ब्युरेटरच्या बुडाच्या पॅकिंगभोवती क्लीनरचा फवारा मारला तेव्हा काहीच बदलले नाही, पण थ्रॉटल स्पिंडलच्या (हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीच्या) दोन्ही टोकांशी मारताच इंजिनाचा वेग बदलला. स्पिंडलची भोके झिजून अंडाकृती झाली होती आणि तिथून मोजमापाबाहेरची हवा आत येत होती. असा दोष कोणत्याही किटने बरा होत नाही, कारण किटमध्ये फक्त पॅकिंग, निडल व्हॉल्व्ह आणि डायफ्राम (लवचीक पडदा) असतात. हल्ली मिळणाऱ्या किटांविषयी माझे मत चांगले नाही. पॅकिंग कागदासारखे पातळ असते आणि निडल व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, म्हणून मी जुनाच व्हॉल्व्ह साफ करून परत बसवला आहे.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतील एका लेथवाल्या कारागिराने भोके रीमरने मोठी करून त्यात ब्राँझचे बुश, म्हणजे आतून बसणारी कडी, बसवून दिले आणि स्पिंडल त्यांत हाताने फिरवून, अडकत नाही याची खात्री केल्यावरच काम हातात ठेवले. जुन्या गाड्यांचे खरे आधार असे कारागीर आहेत. आता काटा 18 वर शांत उभा आहे, मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा फिरवला तरी इंजिन उत्तर देते, आणि बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातले पाणी जेमतेम थरथरते. हा आनंद मी दोन संध्याकाळी नुसता इंजिन चालू ठेवून उपभोगला.

मागच्या दोषाने मात्र सगळी शक्ती खाल्ली. आधी टाकीचे झाकण सैल ठेवून चालवून पाहिले. टाकीला श्वास घ्यायला जागा नसती तर गाडी सुधारली असती, पण फरक पडला नाही. मग कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडला आणि इंजिन स्टार्टरवर फिरवले. सुरुवातीला धार चांगली होती, नंतर तिच्यात फेस येऊ लागला. यांत्रिक पंपाच्या मागचा पाइप ओढीचा असतो, म्हणजे आतला दाब वातावरणापेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथे फट पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. डाग नाही, वास नाही, आणि म्हणूनच ही फट डोळ्यांना सापडत नाही.

बुडबुडे हवेचे की उकळलेल्या पेट्रोलच्या वाफेचे, हा पुढचा प्रश्न होता. आपल्या बडोद्यात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की कमी तापमानाला उकळणारा भाग वाढतो, त्यामुळे वाफेची शंका रास्त होती. परंतु पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना पहिल्याच फिरवणीला बुडबुडे दिसले, तेव्हा निदान हे बुडबुडे वाफेचे नाहीत हे ठरले. मग पारदर्शक नळीचा तुकडा एकेक जोड मागे सरकवत नेला आणि टाकीच्या अगदी शेजारच्या आखूड रबरी जोडापाशी पोहोचलो. बाहेरून रबर शाबूत दिसत होते. वाकवल्यावर आतल्या बाजूला केसांसारख्या भेगा उघडल्या. टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास वाढायचा, त्याचाही उलगडा झाला: पातळी जितकी खाली तितके पंपाला जास्त ओढावे लागते, आणि तितकी जास्त हवा भेगांतून येते. पारदर्शक नळी फक्त तपासणीपुरतीच वापरावी, कारण पेट्रोलने ती लवकर खराब होते, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावा.

सर्व रबरी तुकडे काढून एसएई जे30 आर9 दर्जाची नळी घातली आहे. तिच्या आतले अस्तर फ्लुओरोइलॅस्टोमरचे (एका जातीच्या कृत्रिम रबराचे) असल्याने ते इथेनॉल सोसते. दुकानात याच मापाची साधी नळी बरीच स्वस्त मिळते, पण 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशभर आल्यावर ती घेणे म्हणजे हेच काम पुन्हा करणे होय. पंपाचा डायफ्रामही इथेनॉल सोसणारा हवा. 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या आणि त्यानंतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर खात्रीचे सुटे भाग मिळणे अवघड होत चालले आहे, म्हणून दोन डायफ्राम आधीच आणून ठेवले.

मागे इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा विचार लिहिला होता, तो मी सोडला आहे. टाकीजवळचा पंप सगळ्या पाइपमध्ये दाब निर्माण करतो, त्यामुळे जिथे आज हवा आत येते तिथून उद्या पेट्रोल बाहेर पडेल, आणि पाइप एक्झॉस्टपासून फार दूर नाही.

हे लिहिताना जेटचा मुद्दा नव्याने डोक्यात आला. शुद्ध पेट्रोलला एका भागास 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे 13.5, म्हणजे इंधन साधारण 9 टक्के जास्त द्यायला हवे. जेटचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, तेव्हा व्यास 4 टक्क्यांनी वाढवला की पुरते. 120 चा जेट असेल तर 125. मी हा बदल करणारच होतो, पण मिश्रण पातळ होण्याचे एक कारण स्पिंडलची हवा होती आणि ते आता गेले आहे. म्हणून मिश्रण अजून पातळ आहे का हे कळायला आधी प्लगांचा रंग पाहीन, जेट नंतर.

तसेच कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवायला जाड बेकेलाइटचा तुकडा घालण्याचेही ठरवतो आहे. मकरपुऱ्यालाच तो कातून मिळेल. पण त्याआधी टाकी मुद्दाम पाव ठेवून, ऐन दुपारी, हालोलमार्गे पावागढच्या पायथ्यापर्यंत गाडी न थांबवता दाबून न्यायची आहे. पंपाच्या वर आणि खाली तापमान मोजण्याचे साधन एका स्नेह्याकडून मागवले आहे, त्यामुळे वाफेचा हिस्सा किती हेही त्याच फेरीत कळेल.