देठ नसलेली फुलं

‘फुलांना देठच नाहीत. फुलदाणीत ठेवायची कशी?’ एक तारा.

ऑनलाइन गिऱ्हाइकाचा हा शेरा वाचून मला आधी हसू आलं. समोर स्टुलावर बसलेल्या ताईंना मात्र हसू आलं नाही. मांडीवर कुरिअरच्या दोन फाडलेल्या पिशव्या, शेजारी सासूबाई, आणि बाहेर मार्चचं ऊन. गिरडकडच्या एका गावातून दोघी सकाळच्या एसटीनं वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरला आल्या होत्या. "भाऊ, दोन महिन्यांत तीन ऑर्डरी आल्या, त्यातल्या दोन वापस. आता बंदच करून टाका ते," असं ताई आल्या आल्या म्हणाल्या.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा आणि गेल्या चार वर्षांपासून हे नवं काम: ऑनलाइन माल विकणाऱ्यांची लिस्टिंग, म्हणजे विक्रीच्या साइटवर मालाचं पान, करून देणं. आधी साडीवाल्या यायच्या. घाऊक व्यापाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो तसेच पुढं ढकलायचे, वर स्वतःचे शंभर-दीडशे जोडायचे. तोच फोटो, तेच नाव आणखी पन्नास जणींकडे. गिऱ्हाइकानं साडी शोधली तर त्या पन्नासांतून हिचीच का दिसावी? मी त्यांना म्हणायचो, निदान एक फोटो स्वतः काढा, पदर उलगडून. आणि व्यापाऱ्यानं दिलेलं ‘न्यू डिझायनर फॅन्सी’ काढून तिथं कापड, काठ, लांबी, रंग लिहा. ‘फॅन्सी’ लिहून साडी कोण शोधतं? निम्म्या जणी ऐकायच्या. निम्म्यांना फोटो काढायचा कंटाळा.

या ताईंचं तसं नव्हतं. माल अस्सल होता. आमच्याकडे कपाशीत, तुरीत, धुऱ्यानं म्हणजे बांधाच्या कडेनं अंबाडी टाकतात. पाल्याची भाजी होते आणि थंडीत लाल अंबाडीची फुलं तोडतात. आम्ही म्हणतो फुलं, पण ती फुलं नव्हेत. पिवळसर फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जो जाड, लाल, आंबट वेढा राहतो, तो. मधलं बियांचं बोंड हातानं काढून टाकायचं, वेढा वाळवायचा. बोटं आठवडाभर लाल राहतात. घरची थोडी आणि गावातल्या सात-आठ बायांकडून किलोनं विकत घेतलेली, अशी वाळवून, निवडून, दोनशे ग्रॅमच्या पाकिटात भरून ताई विकत होत्या.

"फोटोमुळं होत असेल," मी म्हटलं. फोटो खरंच वाईट होता. छापील फुलाफुलांच्या प्लॅस्टिकवर सूप, त्यात लाल ढीग, कोपऱ्यात कुणाचा तरी पाय. लिस्टिंग चालत नाही म्हटलं की मी आधी फोटोकडे बोट दाखवतो. सोपं पडतं, आणि बहुतेक वेळा खरंही असतं.

तेवढ्यात हळदवाला पोरगा आला. विशीतला, हिंगणघाटच्या जिमचा टी-शर्ट. हा वसमतच्या बाजारातून आलेली हळद घेतो, दळून पाकिटं करतो. त्याला शीर्षकात ‘वायगाव’ टाकून हवं होतं. "भाऊ, लोकं तेच शोधून राहिले. मी पाह्यलं ना. वा लिहिलं की खालीच येते."

पाहिलं होतं ते बरोबरच. शोधखिडकीत दोन अक्षरं टाकली की खाली ज्या ओळी उलगडतात, त्या बहुतेक लोकांनी आधी टाइप केलेल्याच असतात. फुकटात मिळणारी एवढी चांगली माहिती दुसरी नाही, हे मीच त्याला शिकवलेलं. पण वायगाव हे आमच्याच तालुक्यातलं गाव, आणि तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. ते नाव दुसरीकडच्या हळदीवर लावणं हा गुन्हा आहे, आणि तो नसता तरी ते खोटंच. मी त्याला चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. गिऱ्हाईक शब्दावर विश्वास ठेवून येतं, पाकीट फोडल्यावर दुसरंच निघालं तर तो परत येत नाही, मालच परत येतो, वगैरे. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. सासूबाई कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या.

हे सगळं बोलताना माझा हात माऊसवर होता आणि ताईंची लिस्टिंग उघडी होती.

मी गिऱ्हाईक होऊन शोधायला बसलो. विक्रेत्याच्या खात्यातून नाही, साध्या मोबाइलवरून, जसं पुण्यातली बाई शोधेल तसं. ‘अंबाडी’ लिहिलं. कुंडीत लावायच्या बिया आल्या, पाल्याची पावडर आली. ताईंचं पाकीट नाही. ‘अंबाडी फुलं’ लिहिलं. नाही. ‘अंबाडी शरबत’, तरी नाही. शीर्षक जसंच्या तसं लिहिल्यावर आलं, पण कुठं? कापडी गुलाब, मोरपिसं आणि वाळवलेल्या गवताच्या तुऱ्यांच्या मधोमध. घरसजावट, सुकी फुलं.

आता कळलं देठ कुणी मागितले होते ते.

ही कॅटेगरी कुणी निवडली, हे विचारायची गरज नव्हती. जानेवारीत मीच निवडली होती. खाद्यपदार्थांत टाकायला गेलं की साइट अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर मागते. ताईंचा अर्ज मीच भरला होता, तेव्हा वर्षाची फी शंभर रुपये होती, पण नंबर यायचा होता. त्या दिवशी दुकानात पीक विम्याची गर्दी. ताई म्हणाल्या, फुलं संक्रांतीच्या आत दिसली पाहिजेत. मी ‘फुलं’ शब्द धरला, ‘सुकी फुलं’ दिसलं, नंबर मागितला नाही, टाकून दिलं. तात्पुरतं. नंबर आल्यावर बदलू. नंबर वीस दिवसांत आला, ताईंनी तो व्हॉट्सॲपवर पाठवला, मी अंगठा दाखवला आणि विसरलो.

म्हणजे नोंदणी नसताना खायची वस्तू सजावटीच्या नावाखाली बाजारात मांडली होती, आणि ती मी मांडली होती. आणि त्याच खुर्चीत बसून मी त्या पोराला वायगाव शिकवत होतो.

दोनेक मिनिटं मी गप्प होतो. फोटोवर ढकलून देणं सहज जमलं असतं. दोघींना कॅटेगरी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. पण पोरगा माझ्या मागं उभा राहून स्क्रीनकडे बघत होता, आणि त्याला ठाऊक होतं. धीर मला त्याच्यामुळं आला, हे कबूल करतो. तो नसता तर काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ताईंना राग आला असणार, पण बोलल्या सासूबाई.

"म्हंजे लोकायनं हे दारात टांगाले घेतलं?"

"तसंच समजा, आजी."

"बाप्पा! आन् मी म्हनो, सोन्यावानी माल वापस काऊन येऊन राह्यला."

जानेवारीत घेतलेले दोनशे रुपये मी गल्ल्यातून काढून ताईंच्या पुढं ठेवले. परत आलेल्या पाकिटांचा खर्च त्याहून जास्त होता, तो पुढच्या कामातून वळता करायचं ठरलं. मग कामाला लागलो.

जुन्या लिस्टिंगची कॅटेगरी बदलता येत नव्हती. ती काढून नवी करावी लागली. तिच्याबरोबर एक ताराही गेला. तो आमचा हेतू नव्हता, पण कुणाला वाईट वाटलं असंही नाही.

खरा खल झाला तो नावावर. मी ‘लाल अंबाडी’वर अडून होतो. पोरानं मागून तोंड घातलं, "भाऊ, हे तर हिबिस्कस टी हाये ना. आमच्या जिमवाला सर पितो. डब्बा मागवते ऑनलाइन." त्यानं मोबाइलवर शोधून दाखवलं. रांगेनं डबे, काचेच्या बरण्या, आत हीच फुलं. काहींवर ‘रोझेल’. आमच्या धुऱ्यावरची अंबाडी तिकडं दोन परकी नावं घेऊन चहा झाली होती, आणि मी समुद्रपूरच्या माणसानं शोधावं तशी ती मुंबईच्या माणसाला शोधायला लावत होतो.

पण नुसतं ‘हिबिस्कस’ लिहून चालेना. त्याच शब्दावर जास्वंदीच्या वाळलेल्या पाकळ्याही येत होत्या, केसांच्या तेलासाठी. दोन्ही एकाच कुळातल्या, पण जास्वंद वाटून डोक्याला लावायला कुणी मागवली आणि अंबाडी हातात पडली, की पुन्हा देठांचीच गोष्ट. म्हणून शीर्षक केलं: रोझेल हिबिस्कस टी, सुकी लाल अंबाडी फुलं, शरबत आणि चहासाठी, २०० ग्रॅम. आणि वर्णनाची पहिलीच ओळ: ही जास्वंद नाही.

गोंगुरा घालायचा का, असा एक प्रश्न आला. तेलुगूत अंबाडीला गोंगुरा म्हणतात, कानडीत पुंडी. जवळच्या जाम गावावरून हैदराबादचा हायवेच जातो, तिकडं खप मोठा. पण ताईंचा जीएसटी नंबर नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून चाळीस लाखांच्या आतल्या विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवरच्या नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर ऑनलाइन विकता येतं, पण आपल्याच राज्यात. माल तेलंगणात जाणारच नाही तर तेलुगू शब्द कशाला? शिवाय गोंगुरा शोधणाऱ्याला पाला हवा असतो. सोडून दिलं.

साइटवर शोधशब्दांचा एक रकाना असतो. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, शोधताना मात्र धरला जातो. तिथं मी आधी सगळं देवनागरीत भरलं आणि रकाना लगेच भरून गेला. हा हिशेब मला फार उशिरा कळला होता. तिथली मर्यादा अक्षरांत नाही, बाइटमध्ये, म्हणजे संगणकातल्या जागेच्या मापात, मोजतात. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. ‘अंबाडी’त अनुस्वार, काना, वेलांटी वेगळे धरून सहा खुणा, म्हणजे १८ बाइट. तेच रोमनमध्ये सहा. म्हणून देवनागरीत फक्त ‘आंबाडी’ आणि ‘सरबत’ ठेवलं, बाकी रोमन. शीर्षकात आलेले शब्द पुन्हा घालायचे नाहीत, जागा फुकट जाते. शरबतचं सरबत, अंबाडीचं आंबाडी, लोक जसं लिहितात तसं. शुद्धलेखनाचा अभिमान तिथं बाजूला ठेवावा लागतो.

ताईंना ‘बीपी कमी होते’ टाकायचं होतं. गावात तसं म्हणतात. मी नको म्हटलं. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असं लिहिता येत नाही. त्याऐवजी वजन, घटक, किती महिने टिकतं, साखर घातली आहे का, असे रिकामे सोडलेले रकाने भरले. कंटाळवाणं काम आहे, पण गिऱ्हाइकानं डावीकडच्या फिल्टरवर एक खूण केली की रिकाम्या रकान्याचा माल चाळणीतून गळून जातो.

फोटो दुकानातच काढले. झेरॉक्सचे पांढरे कागद खाली अंथरले, दारातल्या उजेडात. एक ढिगाचा, एक तळहातावरच्या फुलाचा, म्हणजे आकार कळतो. तिसऱ्यासाठी सासूबाई उठल्या. परत आलेल्या पाकिटातली मूठभर फुलं चहावाल्याकडून गरम पाणी आणून भिजवली, गूळ मागवला, आणि अर्ध्या तासानं माझ्याच काचेच्या ग्लासात असा रंग उतरला की रांगेतले दोघं-तिघं फॉर्म सोडून बघायला आले. फोटो झाल्यावर सगळ्यांनी घोट घोट घेतला. हळदवाल्यानं दोन ग्लास. जाताना तो म्हणाला, "माझ्यावर नुसती हळदच लिहा भाऊ. सेलम जातीची असंन तर सेलम लिहा." सेलम आहे का ते व्यापाऱ्याला विचारून ये, मी म्हटलं. या वेळी आवाज खाली ठेवून.

नवी लिस्टिंग शोधात यायला काही दिवस गेले. नवव्या दिवशी पुण्याहून पहिली ऑर्डर. मग चिंचवड, ठाणे, नागपूर. फार नाही, आठवड्याला चार-पाच. एका गिऱ्हाइकानं विचारलं, याची भाजी होते का? ताईंनी उत्तर मला न विचारता स्वतः लिहिलं: भाजी पाल्याची होते, याची चटणी करा, लसूण जास्त घाला. त्या उत्तरानंतर त्याच बाईंनी तीन पाकिटं मागवली. मेच्या शेवटी ताईंकडचा माल संपला आणि लिस्टिंगवर ‘उपलब्ध नाही’ आलं.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर त्यांचा फोन आला. मागं पेरणीची गडबड, सासूबाईंचं कुणाला तरी ओरडणं.

"भाऊ, यंदा कपाशीत अंबाडीच्या चार ओळी जास्त टाकून राह्यलो."

मी म्हटलं, चांगलं आहे, डिसेंबरात लवकर या.

"मी येतो जी डिसेंबरात. तुमी ते कॅटेगिरी का काय, ते आतापासूनच पाहून ठेवा."