वरून लोंबणारी माणसं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा आठवली ती दुरेघी वही. चित्रकलेची वही नंतर आठवली. मी पोटापाण्यासाठी चित्रं काढतो, त्यामुळे हे जरा विचित्रच.

मराठीच्या बाई शुद्धलेखन तपासताना रेघेकडे आधी बघायच्या आणि शब्दांकडे नंतर. "अक्षर रेघेला टांगायचं असतं, जमिनीवर ठेवायचं नसतं," असं त्या म्हणायच्या. इंग्रजीच्या तासाला हेच उलटं व्हायचं. तिथे अक्षरं खालच्या रेघेवर बसायची. आम्हाला ती नुसती कटकट वाटायची.

पुढे कलाशिक्षण घेताना 'आपलं' काहीतरी चित्रात आणायचं भूत डोक्यात शिरलं. मग कोयरी आली, कमळ आलं, मोर तर इतके आले की विचारू नका. एका शिक्षकांनी सगळा गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "हे मोर उडून गेले तर मागे तू किती उरशील?" राग आला. पण त्यांचं बरोबर होतं. मोर वरून चिकटवलेले होते, खालची रेषा कुणाचीही असती.

उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं, तेही एका संपादकबाईंच्या तक्रारीतून. "तुमच्या चित्रातल्या माणसांचे पाय कधी एका पातळीत का नसतात?" त्यांनी विचारलं. जुनी चित्रं काढून बघितली. खरंच, गर्दी काढली की सगळ्यांची डोकी एका ओळीत आणि पाय कुठेही, कुणाचे वर, कुणाचे खाली. माझी माणसं उभी नव्हतीच, वरून लोंबत होती. 'क'चं पोट, 'ळ'ची गाठ, 'र'चा तिरका पाय, सगळं शिरोरेषेखाली. मराठीच्या बाईंची वही माझ्या हातात मला न विचारता राहायला आली होती. रेषेचं जाड-बारीकही तसंच. देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमनच्या उलट बाजूला तिरकं कापतात, त्यामुळे वजन वेगळ्या जागी पडतं. माझ्या ब्रशला तीच खोड आहे.

तेव्हापासून इतरांची चित्रं बघताना मी हेच शोधत बसतो. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या दोन चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या आणि त्यांच्या कडेने जपानी अक्षरं रंगवली. त्याला ती वाचता येत नव्हती. तिथे ती नक्षी आहे, माझ्या मोरांसारखीच. गंमत अशी की जपानी चित्रांतून त्याने खरं जे उचललं, ते सपाट रंग आणि ठसठशीत बाह्यरेषा, ते अक्षरांविनाही त्याच्या पुढच्या कामात दिसतं. म्हणजे उसनं घेतलेलंही अंगी लागतं, फक्त मुरावं लागतं.

चित्रकार सय्यद हैदर रझांची गोष्ट मला जास्त जवळची, कारण ती शाळेतली आहे. लहानपणी त्यांचं लक्ष लागेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, निसर्गचित्रं केली, नाव झालं. तो बिंदू मात्र चित्रात मध्यभागी येऊन बसला १९७० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांनी चित्रांत देवनागरी ओळीही लिहिल्या, आणि त्या त्यांना वाचता येत होत्या. इतकी वर्षं तो बिंदू कुठे होता, हे मला कुणी विचारलं तर मी मनगटाकडे बोट दाखवीन. समीक्षक बहुधा तत्त्वज्ञानाकडे दाखवतील. त्यांचंही चूक नसेल.

आमचे चित्रकलेचे सर यावर काय म्हणाले असते कोण जाणे. ते फार बोलत नसत. फळ्यावर एका दमात घोडा काढायचे आणि लगेच पुसून टाकायचे, आम्ही 'अरेरे' म्हणेपर्यंत. तो घोडा मात्र मला अजून जमलेला नाही.

स्मरणिकेसाठी सोबत एक रेखाचित्र पाठवतो आहे. प्रार्थनेला उभी असलेली आमच्या वर्गाची रांग. छापखान्याला एवढंच सांगा की, पाय वरखाली दिसतील, ते सरळ करू नका.