बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

आज इंदूरला रामबागेतल्या घरी बाबांच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. त्याचे वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात; त्यातलं सिनेमन छान दिसतं, पण जुन्या लॅपटॉपला हलकं म्हणून एक्सएफसीई निवडलं. आधी हार्ड डिस्कला हात न लावता नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालवलं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चाललं तेव्हा धीर आला. (फोटोंचा बॅकअप मात्र आधी घ्याच!)

कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना, होतंच. बाबा ऑफिसात त्यावरच शिकलेले, बोटं आपोआप फिरली. लिबरऑफिसमध्ये (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) पहिली ओळ उमटली, 'चि. ताईस आशीर्वाद'. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलेलं लिनक्सचं काम इंदूरच्या आमच्या ओसरीवर पोचलं, मला भरून आलं.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करून संगणकाला काम सांगायची खिडकी, अजून परकं वाटतं. रोज एक कमांड वहीत लिहितेय. आजची : सुडो एपीटी अपडेट (sudo apt update), म्हणजे उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी ताजी करणं.