आमची वाटचाल : लाईट गेली तरी होल्डर गरम

आमचं वेल्डिंगचं शेड टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्याला. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, शेतीची अवजारं, येईल ते करतो. पण धंदा उभा राहिला तो उसाच्या ट्रॉल्यांवर.

२०१२ साली भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा जवळ एक जुनं तेलाचं वेल्डिंग मशीन होतं, दोघांनी रेटलं तरी न हलणारं. लाईट असली की काम, गेली की चहा. कारखाने सुरू झाले की कुणाच्या ट्रॉलीची ट्रॅक्टरला जोडायची दांडी तुटायची, कुणाच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडा जायचा, आणि ते नेमकं रात्री, रस्त्यात. भरलेली ट्रॉली दुकानापर्यंत आणणार कशी? ऊस उतरवून पुन्हा भरायचा तर दुप्पट मजुरी, शिवाय तोडलेला ऊस वाळेल तसं वजन घटतं. मालकाचा फोन यायचा, "दादा, तुम्हीच या की हितं."

म्हणून २०० अँपियरचं इन्व्हर्टर मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन, घेतलं. हे एका हाताने उचलता येतं. आणि मोठ्या उत्साहात अडीच केव्हीए ताकदीचा पेट्रोल जनरेटर. दुकानदार म्हणाला, "आरामात चालतंय." पहिल्याच रात्री दहा गेजचा रॉड (गेजचा आकडा जितका लहान तितका रॉड जाड) लावला, ठिणगी पडली, इंजिन कण्हलं आणि बंद. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा तेच. करंट उतरवला तर रॉड चिकटून बसायचा. शेवटी बारा गेजच्या रॉडने कसेबसे टाके मारून ट्रॉली कारखान्यावर पोचवली. पैसे मागायची लाज वाटली.

हिशेब नंतर शिकलो. दहा गेजला साधारण ११० अँपियर लागतात, आर्कवर, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीवर, २४ व्होल्ट धरले तर २६४० वॅट. मशीनची स्वतःची तूट मिळवली की तीन हजारांच्या वर. त्यात पॉवर फॅक्टरची, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरा कामी येणारा वाटा किती याची, भानगड, साध्या इन्व्हर्टर मशीनचा तो ०.७ च्या आसपास; म्हणजे जनरेटरकडून साडेचार केव्हीए हवेत. अडीच केव्हीएचा जनरेटर म्हणजे जेमतेम दोन किलोवॅट. बैलाच्या जागी शेळी जुंपली होती आम्ही! तेलाच्या मशीनला तर याहून जास्त लागतं, ते जनरेटरवर लावायचा विचारच सोडला.

पुढच्या हंगामाआधी कर्ज काढून साडेसात केव्हीएचा सिंगल फेज जनरेटर घेतला आणि पिकअपमध्ये पक्का बसवला. आता दहा गेज निवांत चालतो. आठ गेजला मात्र थोडं जपून. वेल्डिंग चालू असताना त्याच लाइनवर ग्राइंडर कुणी लावायचा नाही, हा धाकट्या भावाचा कायदा.

मशीनमधलं एक कार्ड जळालं तेव्हा दुसरा कायदा झाला. काम अर्ध्यावर असताना टाकीतलं पेट्रोल संपत आलं, इंजिन गचके खायला लागलं, व्होल्टेज वर-खाली झालं आणि मशीन गप्प. तेव्हापासून टाकी भरल्याशिवाय होल्डर, म्हणजे रॉड धरायची मूठ, हातात घेत नाही. इंजिन सुरू करून एकसारखं चालू द्यायचं, मग मशीनचा स्विच. बंद करताना आधी मशीन, मग इंजिन.

वायरनेही बरंच छळलं. सुरुवातीला जनरेटरपासून मशीनपर्यंत दीड एमएमची (चौरस मिलिमीटर) तीस मीटर वायर ओढायचो. वीस अँपियरला तिच्यातच चौदा-पंधरा व्होल्ट जायचे. आता चार एमएमची वायर, तीही जेवढ्यास तेवढी. गाडीच जॉबजवळ नेतो.

उसाचं पाचट ही वेगळी डोकेदुखी. ठिणगी पडायचा अवकाश! त्यामुळे दोन बादल्या पाणी आणि ओली पोती आधी उतरतात, मशीन नंतर. ट्रॅक्टर सोडून बाजूला लावायचा, सोडता येत नसेल तर बॅटरीची वायर काढायची. अर्थिंगचा, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारा, चिमटा जोडाच्या शेजारी, चाकापलीकडे कधीच नाही, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि शिव्या आम्हाला बसतात.

मध्ये एकाने विहिरीत पाइप जोडायला बोलावलं आणि जनरेटर आत सोडा म्हणाला. त्याला सरळ नाही म्हटलं. त्या धुरात माणूस बेशुद्ध होतो आणि त्याला कळतही नाही. जनरेटर काठापासून दूर, वारा पलीकडे जाईल असा ठेवला, खाली फक्त होल्डरची केबल सोडली.

दुकानात अजून रॉडमागे पैसे घेतो. बाहेर गेलो तर फेरीचे वेगळे, रात्रीचे त्याहून वेगळे. यावरून वाद होतात, मग चहा होतो. गेल्या हंगामात दोन गाड्या फिरत होत्या. तो अडीच केव्हीएचा जनरेटर विकला नाही. दुसऱ्या गाडीत तो फोकसचा दिवा आणि ग्राइंडर चालवतो.