टाकी क्र. २, आठवडा ११: ६.५ चा नाद सोडला

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माशांच्या टाकीचा पीएच (सामू, जितका कमी तितकं पाणी आम्ल) ६.५ वर आणून दाखवतो. नाही जमलं. वर निऑन टेट्रांचे (छोटे रंगीत मासे) हाल केले ते वेगळेच.

आमच्याकडे बोअरचं पाणी. केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, तेच पीएचला सहज हलू देत नाही) १०, म्हणजे टेस्ट किटचा दहावा थेंब पडला की रंग पलटतो. पीएच ८.०. बाटलीतलं अ‍ॅसिड थोडं थोडं घालत ६.९ वर आणलं आणि खुशीत जेवायला बसलो. हात धुऊन येतो तर सगळे टेट्रे वर, तोंडं पाण्याबाहेर. धावत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला, तासाभरात निवळले. सकाळी पेन (पीएच मोजायचा मीटर) बुडवला: ७.९! केएच मात्र दहाचा आठ.

हिशेब नंतर केला. अ‍ॅसिडने पाण्यातलं बायकार्बोनेट खाल्लं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटला. दोन अंश केएच गेला म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम गॅस एका फटक्यात आला. त्याने पीएच पाडला, मासे गुदमरले, आणि गॅस उडाला तसा पीएच जागेवर. केएच न बघता पीएच हलवायला गेलं की हेच होणार.

मग निम्मं आरओचं पाणी मिसळायचं ठरवलं आणि नवीनच घोळ. टाकीत घालण्याआधी नुसतं आरओ मोजलं, तर आकडा थांबेचना. ७.३, ६.९, ६.४... पेन बिघडला म्हणून ६.८६ आणि ४.०० च्या बफर पुड्या (ठरलेला पीएच देणाऱ्या) डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून पुन्हा कॅलिब्रेट केला. बफरमध्ये चोख, आरओमध्ये तीच भटकंती. मावसभाऊ औषध कंपनीत क्यूसीला (दर्जा तपासणीला) आहे, त्याला फोन लावला. तो हसलाच. "अरे दादा, त्या पाण्यात मोजायला आहे काय?"

त्याचं म्हणणं असं: आरओच्या पाण्यात आयन इतके कमी की इलेक्ट्रोडला धड आधार मिळत नाही. त्यात ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत बसतं, त्यामुळे आकडा ५.६ च्या दिशेने सरकत राहतो. त्यांच्या लॅबमध्ये शुद्ध पाण्याचा पीएच घेताना १०० मिलिलिटरला ०.३ मिलिलिटर संपृक्त पोटॅशियम क्लोराईड घालतात. मी पेनच्या टोपणात ठेवतो त्याच द्रावणाचे काही थेंब टाकून पाहिले. मिनिटभरात ५.८ वर स्थिर. (हे पाणी टाकीत नाही, मोरीत.) तसंही या आकड्याला काही किंमत नाही, बोअरचं पाणी पडलं की तो पुसलाच जातो.

आता निम्मं-निम्मं पाणी, केएच ५. सकाळी सीओटू (पाणवनस्पतींसाठी टाकीत सोडतो तो कार्बन डायऑक्साइड) सुरू व्हायच्या आधी ७.७, दुपारी ६.७. किती सीओटू विरघळलाय ते काढायचं आपल्या टाकीवाल्यांचं जुनं सूत्र: ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) घात. ते लावलं तर ३ वरून ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). एक पीएच म्हणजे दहापट, ते इथे डोळ्यांनी दिसतं. पण पेनवर ±०.१ लिहिलंय, म्हणजे माझे ३० हे २४ ते ३८ मधलं काहीही असू शकतं! पडद्यावरचा दुसरा दशांश मी आता वाचतच नाही. सकाळ-दुपारचा फरक मात्र त्याच पेनने घेतो, कॅलिब्रेशनची चूक दोन्हीकडे सारखीच असते, ती वजाबाकीत बरीचशी निघून जाते.

जाता जाता: पट्टी ० ते १४ अशी शाळेत पाठ केलेली, 'सामू' म्हणून. सोरेन्सनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बियरवाल्यांकडे, ही कल्पना मांडली. पण शून्याशी पट्टी संपत नाही. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत उणे ३.६ पीएचचं पाणी सापडलंय. तिथे आपला पेन बुडवायची कल्पनाही नको.

एक गोची उरलीय. टाकीतलं ड्रिफ्टवुड (सजावटीचं लाकूड) अजून चहासारखा रंग सोडतंय, आणि त्याचं आम्ल वरच्या सूत्राला कळत नाही, ते सगळं सीओटूच्या खात्यावर टाकतं. म्हणून ड्रॉप चेकर (रंगावरून सीओटू दाखवणारी छोटी कुपी) मागवलाय. त्यातलं ४ केएचचं द्रावण टाकीच्या पाण्याला टेकत नाही, मधल्या हवेतून फक्त गॅस पोचतो. तोवर सीओटू सेकंदाला दोन बुडबुड्यांवरून एकावर आणलाय.